आयटीची सूत्रं कुणाकडे: प्राध्यापकाकडे की कंपनीतून आलेल्याकडे?

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी ८ वर्षं शिकवतेय. आयटीप्रमुख नेमायची वेळ आली की वाद तोच: आपल्यातलाच प्राध्यापक घ्यायचा, की ऐरोली-महापेच्या कंपन्यांतून अनुभवी माणूस आणायचा?

कंपनीतून आलेल्याला बॅकअप, पासवर्डची शिस्त, विक्रेत्यांशी करार हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यावर तर या शिस्तीला पर्याय नाही. मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले आपल्याच सर्व्हरवर पडून आहेत. पण आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी ऐन परीक्षा फॉर्मच्या आठवड्यात सिस्टीम अपडेटला घेतली. खिडकीपासून रांग जिन्यापर्यंत गेली. वासिंदहून लोकलनं आलेली एक मुलगी फॉर्म हातात घेऊन तशीच परत गेली. तिचा चेहरा अजून आठवतो. कॉलेजचं वेळापत्रक त्यांना कुणी समजावलंच नव्हतं, ही चूक आमची. पगार परवडेना म्हणून तेही वर्षभरात गेले.

प्राध्यापकाला हे वेळापत्रक तोंडपाठ असतं. यूजीसीनं २०२१मध्ये आणलेल्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्यात, एखाद्याचे क्रेडिट का अडकले, हे त्याला चटकन कळतं. आधारवर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरं. ही तक्रार घेऊन मुलं त्याच्याच टेबलाशी येतात. पण आठवड्याला १६ तास शिकवून तो सर्व्हर कधी बघणार?

माझं मत प्राध्यापकालाच. मात्र त्याचे तास निम्मे करा आणि हाताखाली पूर्णवेळ तंत्रज्ञ द्या.