सागवानी क्रूस, पितळी मूर्तीसह: यात्रेतली खरेदी

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. तिथल्या एका स्टॉलवरून हा क्रूस घेतला. फूटभर उंच, सागवानी, त्यावर येशूची पितळी मूर्ती. किंमत साडेसहाशे. शेजारी प्लास्टरचे रंगवलेले क्रूस निम्म्याहून कमी पैशांत होते. परवडत असेल तर हाच घ्या.

आम्ही नाशिकातल्या शरणपूरकडचे, सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या प्रोटेस्टंट मंडळीचे. आमच्या घरांत मूर्ती नसलेला, रिकामा क्रूस लावतात, कारण प्रभू मेलेल्यांतून उठला आहे. माझाही त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून मला त्या रिकाम्या क्रूसापुढे बोलणंच सुचेना. उठलेल्या प्रभूची स्तुती करावी, गीत म्हणावं. मध्यरात्री ओली चादर बदलताना जो राग येतो, जे रडू येतं, ते घेऊन त्याच्यापुढे कसं उभं राहायचं?

आता मूर्तीबद्दल. मी नोकरीभर वॉर्डात नर्स होते, त्यामुळे नजर आधी शरीरावर जाते. प्लास्टरचे ख्रिस्त झोपल्यासारखे दिसतात, गुलाबी, कपाळावर रक्ताचे दोन थेंब. ह्या मूर्तीच्या बरगड्या वर ओढलेल्या आहेत, पोट खपाटीला गेलंय, गुडघे वाकलेत. दम लागलेला पेशंट असाच दिसतो. कुशीत भाल्याची जखम शोधली, ती नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात भाला मारतात तो प्रभूने प्राण सोडल्यावर. म्हणजे कारागिराने जिवंत प्रभू घडवलाय. तोंड उघडं आहे. मला तरी तो ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हेच म्हणताना दिसतो. 22व्या स्तोत्राची ही पहिली ओळ. देवाच्या पुत्राने ती शेवटच्या घटकेला ओरडून म्हटली, मग मी माझ्या स्वयंपाकघरात म्हटली तर त्यात अविश्वास कुठला?

मार्कच्या 15व्या अध्यायात त्याला क्रूसावर कळ बधिर करायला बोळ, म्हणजे एक कडू डिंक, मिसळलेला द्राक्षारस देऊ करतात आणि तो घेत नाही. कळ कमी करायला इंजेक्शनं देण्यात माझा जन्म गेला. ते वचन आलं की मी अजून पुढे वाचू शकत नाही.

अर्पण म्हटलं की आम्हाला थैलीतले पैसे आणि उपकारस्तुती आठवते. दुःखही अर्पण करता येतं हे मला ह्या मूर्तीपुढे बसून कळलं. आज ह्यांनी घास थुंकला. आज मुलाचा फोन आला नाही. आज मनात आलं, हे सगळं एकदाचं संपू दे. हे शेवटचं मी पाळकसाहेबांनासुद्धा सांगू शकले नव्हते. पितळी पायांवर हात ठेवून सगळं सांगते. यशया संदेष्ट्याने ज्याला व्याधींशी परिचित म्हटलंय, त्याला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी पाठ तशीच दुखते, हे तसेच अंथरुणावर असतात. पण ते ओझं मी एकटीच वाहतेय असं आता वाटत नाही, आणि ह्यांच्यावर ओरडणं खूप कमी झालंय.

उणिवा आहेत. मागची कडी पातळ पत्र्याची, एवढं वजन पेलत नाही. मी हार्डवेअरमधून स्क्रूची कडी आणून लावून घेतली. डोक्यावरची ‘आयएनआरआय’ (‘नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’ ह्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं) पट्टी नुसती चिकटवलेली आहे, ती सुटते. पितांबरीने घासू नका. बरगड्यांच्या खाचांतला काळपटपणा गेला तर मूर्ती सपाट दिसेल. कोरडं मऊ फडकं पुरे.

हॉलमध्ये शोभेला हवा असेल तर दुसरा बघा. हा पलंगाशेजारी लावा, खुर्चीत बसल्या बसल्या हात पोचेल इतक्या खाली.