‘फ्लॉप शो’चे दहा भाग आणि पाडगावकरांची ‘सलाम’: आज किती टिकतात?

राजकीय विनोदाइतकं लवकर शिळं होणारं दुसरं काही नसेल. मंत्र्याची खुर्ची गेली की त्याच्या नकलेचंही दुकान बंद. म्हणूनच १९८९ साली दूरदर्शनवर लागलेली ‘फ्लॉप शो’ ही हिंदी विनोदी मालिका आजही चालते, याचं नवल वाटतं. भाग मोजून दहा.

मालिकेचे दिग्दर्शक आणि मुख्य नट जसपाल भट्टी माणसाची टर उडवत नाहीत, कामाच्या पद्धतीची उडवतात. वैद्यकीय बिलांचा भाग घ्या. बिल मंजूर व्हायला डॉक्टरचा कागद, औषधांच्या पावत्या आणि साहेबाची सही लागते. हे त्रिकूट जमलं की आजार झालाच पाहिजे असं कुठे आहे? सगळा विनोद या एका फटीतून येतो, आणि ती फट अजून बुजलेली नाही. पीएचडीच्या भागातही तेच. सही करणारा एकच आणि त्याला विचारणारं कुणी नाही, त्यामुळे संशोधन बाजूला राहतं आणि विद्यार्थी गाइडच्या घरची कामं करतो. भट्टींचा चेहरा मख्ख. चंदीगडला रस्त्यावर नाटकं केलेला, वर्तमानपत्रासाठी व्यंगचित्रं काढलेला हा इंजिनिअर. हशा कुठे पिकणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो स्वतः हसत नाही.

श्रेयनामावली सोडू नका. दिग्दर्शनाच्या जागी चक्क ‘मिसडायरेक्टेड बाय’ असं येतं. शेवटी हिंदी सिनेगीताचं विडंबन असतं. मूळ गाणं माहीत नसेल तर त्यातली निम्मी गंमत जाते, तेव्हा नव्या प्रेक्षकानं आधी मूळ गाणं ऐकून घ्यावं.

उणीव मोठी आहे आणि ती लपत नाही. कारकून, कंत्राटदार, प्राध्यापक झोडपले जातात, पण नियम करणारा वरचा माणूस चौकटीबाहेरच राहतो. वाहिनी सरकारी, तेव्हा खासगी वाहिनीच नाही, म्हणजे प्रक्षेपणाची तेवढी किंमत मोजावी लागलीच. पण त्याची भरपाईही होते, कारण खोटं बिल भरणारा मध्यमवर्गीय समोर सोफ्यावर बसून हसत असतो आणि आरोपी तोच असतो.

इथेच मंगेश पाडगावकरांची ‘सलाम’ ही कविता आठवते. त्याच नावाचा संग्रह १९७८चा, आणीबाणी उठल्यानंतरचा. १९८०चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यालाच. पाऊस-प्रेमाचे पाडगावकर शोधायला गेलात तर दचकाल. इथे गेयता नाही, मुक्तछंदातली एक लांबलचक यादी आहे. ज्याच्या हाती दंडा त्याच्यापासून मुजरे सुरू होतात. उजवा हात सलामासाठी वर आणि डावा हात पाठीमागे, लाथ बसू नये म्हणून. हुकूमशाहीवरचा अख्खा अग्रलेख या दोन हातांत मावतो. आणि बोलणारा दंडेवाला नाही, वाकणारा आहे.

कार्यक्रमांत ही कविता बहुतेकदा वाया जाते. वाचणारा प्रत्येक ‘सलाम’ला आवाज चढवतो आणि कवितेची घोषणा होते. ती लाचार, एकसुरी आवाजात, वेग न बदलता वाचायला हवी. दुसरी चूक काटछाटीची. वेळ नाही म्हणून मधले मुजरे गाळले की पुनरुक्तीचं ओझं साचत नाही, आणि सुरुवातीला हसलेले श्रोते गप्प होण्याची वेळच येत नाही. तिसरी चूक सभ्यपणाची. डावा हात जिथे ठेवला आहे तिथला रांगडा शब्द बदलून सोज्वळ केला की भीती गेली, उरला तो फक्त शिष्टाचार.

वात्रटिकेचं गणित निराळं. चार-सहा ओळी, आणि सगळा डंख शेवटच्या ओळीत. सकाळची बातमी संध्याकाळी मंचावर, हा वेग मालिकेला कधीच साधणार नाही. तिथे चित्रीकरण, संकलन, वाहिनीची परवानगी अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर कात्री आहे. वात्रटिका अडवायची तर तोंडच धरावं लागेल. मात्र महिनाभरानं तिला तळटीप लागते.

सर्वांत कमकुवत माल म्हणजे टीव्हीवरच्या नकला. विग, खाकरणं, हातवारे जमले की लेखकानं हात झटकले! लोक आवाजाला हसतात, धोरण सुटतं आणि नेता उलट लाडका होतो. परीक्षा सोपी आहे: विग काढा, आवाज काढा, नुसती संहिता सपाट वाचून पाहा. आरोप सापडला तर उपहास, नाही तर गॅदरिंग.

‘फ्लॉप शो’ बिलांच्या भागापासून सुरू करा, मग पीएचडी, मग मीटिंग. टीव्ही मालिका काढणाऱ्यांवरचा भाग शेवटी ठेवा. त्यात भट्टींनी आपल्याच धंद्याला धरलं आहे, आणि आधीचे भाग पाहिलेले असले की तो जास्त झोंबतो.