‘कंपनी-क्वालिटी स्टेज 1’ म्हणून गळ्यात मारलेली व्हीआरएस गाडी: माझे 21 लाख 40 हजार कसे गेले

टर्बो गाड्यांची आवड असणाऱ्यांसाठी लिहितोय. ज्यांना आवड नाही ते म्हणतील, एवढे पैसे होते तर नवीन गाडी घ्यायची होती. त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. 2017 ची स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस 230 ही भारतात मोजक्याच संख्येने आलेली गाडी. 2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 230 अश्वशक्ती, 350 न्यूटन-मीटर, वर चार माणसं आणि भरपूर सामान. कोल्हापूर-पुणे हायवेवर नेहमी ये-जा करणाऱ्याला याहून योग्य गाडी मला आजही सुचत नाही. गाडीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती विकणाऱ्याबद्दल.

पुण्यात बाणेरच्या बाजूला जुन्या परफॉर्मन्स गाड्या विकणारं एक चकाचक दुकान आहे. तिथे पांढरी व्हीआरएस होती. ‘जर्मन ट्यूनरची ओरिजिनल फाइल, स्टेज 1, 310 अश्वशक्ती, कंपनीइतकीच भरवशाची’ असं सांगून विकायला ठेवलेली. (स्टेज 1 म्हणजे इंजिनाचे भाग न बदलता त्याच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर, म्हणजे ‘फाइल’, बदलून ताकद वाढवणं. हे करणारा तो ट्यूनर.) मालक फर्डा माणूस. म्हणाला, “दादा, मर्सिडीजची ए 45 एस बघा. तेवढ्याच 2 लिटरमधून कंपनी 421 काढते. आपण तर फक्त 310 वर आहोत. इंजिनाला काही कळतसुद्धा नाही.”

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण तुम्हालाही ऐकवतील. ए 45 एस चं इंजिन 421 साठीच बनवलेलं आहे. बंद डेकचा (सिलिंडरभोवती वरून भरीव) ब्लॉक, फोर्ज केलेले (दाबून घडवलेले) पिस्टन आणि क्रँकशाफ्ट, त्याला साजेसा टर्बो, तसंच कूलिंग. व्हीआरएसचा ब्लॉक, पिस्टन, गिअरबॉक्स 230-350 चा हिशोब धरून आहे. वर जी जागा कंपनीने सोडलेली असते ती उन्हाळ्यासाठी, वाईट पेट्रोलसाठी, दहा वर्षांच्या झिजेसाठी. चांगला ट्यूनर त्यातली थोडीच वापरतो आणि नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप भडकून बसणारे ठोके) सुरू झालं की इग्निशन मागे घेणारी, म्हणजे ठिणगी उशिरा पाडणारी, यंत्रणा शाबूत ठेवतो. वाईट ट्यूनर ती यंत्रणाच ढिली करतो, म्हणजे गाडी जोरात पळते आणि गिऱ्हाईक खूश होतं.

पैसे असे गेले. टोकन 51,000, यूपीआयने. 18,49,000 आरटीजीएसने. बिल बरोबर 19,00,000 चं. आणि 2,40,000 रोख, ‘ट्यूनिंग पॅकेज आणि ट्यूनरची वॉरंटी नावावर करणं’ म्हणून. रोखीची पावती मी मागितली होती. “वॉरंटी कार्ड जर्मनीहून येईल, तीच पावती,” असं उत्तर मिळालं. बिलावर ‘ट्यून केलेली’ हा शब्द कुठेही नाही. पुढे प्रत्येक सरकारी टेबलावर याच गोष्टीने माझे हात बांधले गेले. गाडीबद्दल तोंडी जे जे सांगितलं जातं ते बिलावर लिहून घ्या. लिहायला नकार दिला की तिथूनच परत फिरा.

आता विकताना दाखवलेल्या डायनोच्या (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदाबद्दल. यावर मी अजून रात्री जागतो.

रंगीत छापलेला आलेख होता. वर ठळक अक्षरांत ‘310 पीएस @ 5800 आरपीएम’ (पीएस म्हणजे अश्वशक्तीच). खाली टॉर्कची रेघ, 3000 ला 430 न्यूटन-मीटर आणि तिथून उतरत 5800 ला बरोबर 300. मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवतो, टॉर्क आणि पॉवरचं नातं मला कुणी शिकवायला नको. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले 9549, की किलोवॅट आले. 300 गुणिले 5800 भागिले 9549 म्हणजे 182 किलोवॅट, म्हणजे 248 अश्वशक्ती. त्या आरपीएमला 310 हवी असेल तर टॉर्क 375 च्या आसपास पाहिजे. एकाच कागदावर वरचा आकडा आणि खालची रेघ एकमेकांना खोटं पाडत होती. कागद माझ्या हातात होता. गाडीचा नंबर त्यावर नव्हता, हेही मला दिसलं होतं. मी विचारलं, तर “प्रायव्हसीसाठी नंबर टाकत नाही” म्हणाले, आणि तेवढ्यात चावी हातात दिली. इंजिन आधीच गरम होतं. थंड इंजिन सुरू करताना मागून निळा धूर निघतो का, हे बघायची सोयच ठेवली नव्हती. काचेच्या केबिनमध्ये तीन माणसं समोर बोलत असताना गुणाकार करत कुणीही बसत नाही, त्यांना ते पक्कं माहीत असतं.

मी आंधळेपणाने घेतली असं कुणी म्हणू नये. मित्राने स्कॅनर लावला होता, बिघाडाचा एकही कोड आला नाही. मग कळलं की कोड पुसलेले होते. साध्या स्कॅनरमध्येही ‘रेडिनेस’ नावाचं पान असतं. तिथे बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर समजा की कोड नुकतेच साफ केलेत. ते पान उघडून बघा.

एप्रिलमध्ये खंबाटकी चढताना इंजिन थरथरलं, पिवळा दिवा लुकलुकायला लागला, आरशात धूर दिसला. मी पहिल्यापासून 95 ऑक्टेनचंच (नॉकिंगला जास्त दाद न देणारं) पेट्रोल भरत होतो, पावत्या जपून ठेवल्यात. उकाड्यात, चढावर, कमी आरपीएमला भरमसाट बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेली हवा), अशा वेळी नॉकिंगचा मार थेट पिस्टनवर बसतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारपैकी तीन सिलिंडरमध्ये 12 बारच्या आसपास, तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मात्र 5. इंजिन उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची रिंग लँड (रिंगांच्या मधली कड) तुटलेली आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. बाहेरच्या वर्कशॉपने 3,74,500 रुपये घेतले. त्यांनी ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) फाइल वाचून दाखवली. नॉकवर इग्निशन मागे घेण्याची मर्यादा जवळजवळ मारून टाकलेली. ज्या जर्मन ट्यूनरचं नाव घेतलं होतं, त्यांना चेसी नंबर पाठवला. उत्तर आलं, असा नंबर आमच्याकडे नोंदलेला नाही. हा ई-मेल पैसे देण्याआधी पाठवता येतो, फुकट. जर्मनीत तर असा बदल तपासून गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो, नाहीतर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच जातो. तिथलं नाव सांगून इथे माल विकणाऱ्याकडे कागद मागायला लाजू नका.

विक्रेता आता म्हणतो, “ट्यूनिंग तुम्हीच केलं असेल.”

पोलीस चौकीत ऐकून घेतलं आणि सांगितलं, “अहो, गाडी तुमच्याच ताब्यात आहे, नावावर पण आहे, मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मी मोबाइलवर काढून दाखवलं, तर साहेब चहा प्यायला उठले. एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून बोळवण केली. खोटा कागद दाखवून 2,40,000 रोख घेणं फौजदारी नसेल तर काय आहे? मी पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे तक्रार पाठवली आहे. पोच आली, उत्तर नाही.

आरटीओत त्याहून वाईट. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. या दुकानाकडे ते आहे का, एवढाच माझा प्रश्न. एका खिडकीवरून दुसरीकडे, तिथून ‘वरच्या मजल्यावर’, तिथून ‘माहिती अधिकारात अर्ज करा’. उलट एका बाबूने मलाच मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून दाखवलं, की बदल केलेली गाडी तुम्ही चालवताच कशी! लुटला गेलो मी, आणि आरोपीच्या जागी उभं केलं मलाच. नियम करताना ग्राहकाचं नाव घेता, मग त्याच ग्राहकाला उत्तर द्यायला एकही माणूस खुर्चीत का नसतो? विमा कंपनीनेही हात झटकले. बदल कळवला नव्हता, आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवरून तक्रार क्रमांक मिळाला. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद झाली. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही, आणि 19 लाखांच्या बिलाला फी फक्त 400 रुपये. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात समोरचा वकील मुदत मागतो आणि मिळते. तुटलेला पिस्टन मी पॅक करून, सही-शिक्क्यासह ठेवलाय. वर्कशॉपला जुने भाग फेकू देऊ नका.

त्या दुकानाच्या जाहिराती चालूच आहेत. गेल्या आठवड्यात एका लाल हॅचबॅकसोबत डायनोचा कागद टाकला होता. टॉर्कची तीच रेघ, 4200 ला तोच छोटा खड्डा, 5800 ला तेच 300. वरचा आकडा मात्र आता 325 केलाय. स्क्रीनशॉट आयोगात जोडला आहे. असा कागद कुणाला मिळाला असेल तर फाडू नका, जपून ठेवा, आणि तारखेसकट मला पाठवा.