पारंपरिक कॅथलिक शाळा की पब्लिक स्कूल? अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी

आपल्याकडची कॉन्व्हेंट डोळ्यांपुढे ठेवून अमेरिकेतली कॅथलिक शाळा निवडू नका. मुंबई-पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी अभ्यास केला तो एसएससी बोर्डाचाच. ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला जायची, बाकीचे मॉरल सायन्सला बसायचे. भारतीय राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. अमेरिकेतल्या खासगी शाळेवर असं बंधन नाही. ज्या शाळा स्वतःला पारंपरिक किंवा क्लासिकल कॅथलिक म्हणवतात, तिथे धर्म हा वेळापत्रकातला एक तास नसतो, सगळा अभ्यासक्रम त्याच्याभोवती रचलेला असतो.

माझी मुलगी अशा शाळेत तिसरी ते आठवी शिकली, धाकटा पहिल्यापासून पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इथल्या मोफत सरकारी शाळेत आहे. प्रवेशाचे दिवस आले की ओळखीचे पालक फोन करतात आणि बहुतेक जण शिस्त आणि युनिफॉर्म याबद्दल विचारतात. मला वाटतं, अभ्यासक्रमाबद्दल विचारायला हवं.

नावात 'सेंट' असलेली प्रत्येक शाळा पारंपरिक नसते, हेही लक्षात ठेवा. १८८४च्या बाल्टिमोर परिषदेत अमेरिकेतल्या बिशपांनी पॅरिशगणिक, म्हणजे प्रत्येक स्थानिक चर्चमागे शाळा काढायला सांगितलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत ५० लाखांवर मुलं होती. पुढे शिकवणाऱ्या सिस्टर कमी होत गेल्या आणि धर्मप्रांताच्या बऱ्याच शाळांचा अभ्यासक्रम, धर्माचा तास सोडला तर, शेजारच्या पब्लिक स्कूलसारखाच झाला. मी इथे बोलतेय ती जुनी वाट धरून चालणाऱ्या थोड्या शाळांबद्दल.

त्या वाटेवर आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व असा क्रम असतो. येशूसंघाने (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाने) १५९९मध्ये आपल्या शाळांसाठी जो अभ्यासक्रम ठरवून दिला, त्यात लॅटिन आणि ग्रीक मध्यभागी होतं. (त्याच संघाचे फादर स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं. भाषा मुळापासून शिकायची ही त्यांची रीत आपल्याला अनोळखी नाही.) मुलीच्या शाळेत लॅटिन तिसरीतच सुरू झालं. 'रोझा, रोझे, रोझे, रोझाम' असं ती चर्चच्या उच्चारात घोकायला लागली आणि मला माझं आठवीतलं 'रामः रामौ रामाः' आठवलं. संस्कृत शिकलेल्या आई-बाबांना हे घरी सहज घेता येतं. लॅटिनमध्ये द्विवचन नाही, विभक्त्याही कमी. पितृ म्हणजे पातेर, सप्त म्हणजे सेप्तेम, अग्नी म्हणजे इग्निस हे कळल्यावर मुलीचा चेहरा फुलला होता. अशा शाळांचं हायस्कूल असेल तर तिथे मुलं सीझर, सिसेरो, व्हर्जिल हे रोमन लेखक मुळातून वाचतात. सहावीत माझी मुलगी इंग्रजीतलं कोणतंही लांबलचक वाक्य फोडून कर्ता-कर्म आकृतीत मांडत असे. धाकट्याला ते आजही जमत नाही. तो मिडल स्कूलपासून स्पॅनिश शिकतोय आणि दुकानात स्पॅनिशमध्ये बोलतो. त्याच्या भाषेचा रोज उपयोग होतो. तरी मला निवडायला सांगितलं तर मी लॅटिनच निवडेन.

वाचन-लेखनातही असाच फरक आहे. कॅथलिक शाळेत पूर्ण पुस्तकं, पाठ केलेल्या कविता आणि शुद्धलेखन, पब्लिक स्कूलमध्ये उतारे, प्रोजेक्ट आणि 'तुझं मत पुराव्यानिशी मांड'. धाकटा चौथीतच आपलं मत दोन पानांत मांडू लागला. मुलीला तिचं मत कोणी विचारलं ते सातवीत, पण तोवर तिच्याकडे सांगण्यासारखं खूप साठलं होतं.

इतिहास तिथे ग्रीस, रोम, मध्ययुगीन ख्रिस्ती युरोप असा सलग आणि गोष्टीरूपात शिकवतात. त्यात भारत येतो तो वास्को द गामा आणि सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या निमित्ताने. पब्लिक स्कूलमध्ये कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सहावीला प्राचीन भारत हा धडाच असतो. त्यातल्या मांडणीवर २००५-०६मध्ये हिंदू पालकांनी आक्षेप घेतले होते, पण निदान धडा आहे. शिवाजी महाराज दोन्हीकडे घरीच शिकवावे लागतात.

गणित आणि विज्ञानात पब्लिक स्कूल सरळ पुढे आहे. प्रयोगशाळा, आठवीत बीजगणित, हायस्कूलला एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस हे सगळं शंभर-दीडशे मुलांच्या कॅथलिक शाळेला परवडत नाही. उत्क्रांतीबद्दल पोप पायस बारावे यांनी १९५०मध्येच, मानवी देहापुरता, अभ्यासाला वाव ठेवला होता, पण प्रत्येक शाळेची भूमिका वेगळी असते. जीवशास्त्राचं पुस्तक मागून बघा.

मुलाला डिस्लेक्सिया, ऑटिझम असं काही असेल तर माझ्या मते प्रश्नच उरत नाही, पब्लिक स्कूलच. विशेष शिक्षणाचा संघीय कायदा तिथे मुलाला स्वतंत्र योजनेचा हक्क देतो. स्वतःहून खासगी शाळेत घातलेल्या मुलाला तो वैयक्तिक हक्क राहत नाही.

आता धर्म. यावर पालक सगळ्यात कमी विचार करतात. १८८५चं बाल्टिमोर कॅटेकिझम हे प्रश्नोत्तरांचं धर्मशिक्षणाचं पुस्तक अजून अनेक पारंपरिक शाळांत पाठ करून घेतात. 'जग कोणी निर्माण केलं?' हा त्यातला पहिला प्रश्न. दिवसातून तीन-चारदा प्रार्थना, आठवड्याला निदान एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. दुसरीचं वर्ष बरंचसं पहिल्या कम्युनियनच्या (मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या विधीच्या) तयारीत जातं. आपलं मूल वर्गाबरोबर चर्चमध्ये बसतं, कम्युनियन घेत नाही. दहा आज्ञा पाठ झाल्या (पहिलीच आज्ञा दुसऱ्या देवांना मनाई करते) त्या वर्षी माझी मुलगी आमच्या गणपतीपुढे आरतीला उभी राहताना थबकली. आम्ही दोघांनी तिच्याशी रात्री बराच वेळ बोलून तिची शंका ऐकली. ते बोलायची तयारी नसेल तर लॅटिनच्या मोहात पडू नका, कारण लॅटिन घ्यायचं आणि कॅटेकिझम सोडायचं असं तिथे होत नाही. वसईकडच्या कॅथलिक कुटुंबाचं गणित वेगळं. घरी मराठीतून होणारी रोझरी आणि शाळेतला अभ्यास तिथे एकमेकांना धरून चालतात.

खर्चाचं थोडक्यात सांगते. पब्लिक स्कूल मोफत, कॅथलिक शाळेत वर्षाला हजारो डॉलर. दुसऱ्या-तिसऱ्या मुलाला बहुधा सवलत मिळते. राज्याची मदतही तपासा, ॲरिझोनाने २०२२पासून ती सगळ्याच मुलांना खुली केली आहे.

शाळा बघायला जाल तेव्हा प्रिन्सिपॉलशी बोलून परतू नका. चौथीच्या वर्गात मागे तासभर बसा. चौथीचं लॅटिन, सातवीचा इतिहास, नववीचं जीवशास्त्र आणि कॅटेकिझम ही चार पुस्तकं मागून घेऊन घरी दोघांनी वाचा. आठवीनंतर मुलं कोणत्या हायस्कूलला जातात आणि तिथे गणितात कोणत्या वर्गात बसतात, तेही विचारा. माझी मुलगी नववीत पब्लिक हायस्कूलला गेली, ती गणितात एक वर्ष मागे आणि लॅटिनमध्ये दोन वर्षं पुढे होती. गणिताचं ते वर्ष तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत भरून काढलं.