प्लेगचे कागद घरबसल्या : डिजिटल आर्काइव्ह बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बरेच जण विचारतात की इतिहासाचं काम करायचं तर आता मुंबई-दिल्लीला जायची गरजच काय, सगळं ऑनलाइन आहे ना, म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझा विषय १८९६ ते १९०० मधला प्लेग, त्यातही सातारा-कऱ्हाडकडची माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली ती गोष्ट. आमच्याकडे जुनी माणसं अजून "उंदीर पडले की गाव उठायचं" असं सांगतात, पण त्याबद्दल त्या काळातल्या कागदांत काय आहे हे बघायचं होतं. मी कुठल्या युनिव्हर्सिटीत नाही, नोकरी सांभाळून रात्री वाचतो, त्यामुळे हा अनुभव तसल्याच माणसाच्या जास्त कामाचा.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच खूप चांगलं आहे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासाचा एक मोठा संग्रह स्कॅन करून फुकट ठेवलाय, प्लेगवरचे सरकारी रिपोर्ट त्यात पानापानाने वाचता येतात आणि नुसतं टेक्स्ट पण एकगठ्ठा डाउनलोड करता येतं. इंटरनेट आर्काइव्हवर मुंबईच्या प्लेग कमिटीचा १८९७ चा, ब्रिगेडियर जनरल गॅटाकरच्या नावाचा रिपोर्ट आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीची डिजिटल रिपॉझिटरी तर आपल्याकडच्या माणसाला वरदान आहे, जुने रिपोर्ट, सेन्सस, अर्थशास्त्राची दुर्मीळ पुस्तकं, पैसे नाहीत काही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल २०१५ पासून आहे, रजिस्टर केलं की होम डिपार्टमेंटच्या फायली घरून उघडता येतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ह्यातली एक फाइल बघायला रजा टाकून दिल्ली गाठावी लागली असती, आणि माझ्यासारख्याने ती गाठलीच नसती.

आता मुख्य मुद्दा, आणि ह्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. सर्च बॉक्सवर विसंबून राहू नका. सर्च तुम्हाला तेच देतो जे साहेबाच्या कारकुनाने त्या वेळी त्याच्या शब्दांत लिहून ठेवलंय. तुम्ही "प्लेगमध्ये गाव सोडलं" हे डोक्यात घेऊन शोधणार आणि कागदात असणार "इव्हॅक्युएशन", "हेल्थ कॅम्प", "सेग्रिगेशन कॅम्प". आणि हे शब्द एकसारखे नाहीत बरं का, हेल्थ कॅम्प म्हणजे निरोगी लोकांना वस्तीबाहेर नेऊन ठेवायची जागा, सेग्रिगेशन कॅम्पात रोग्याच्या घरातली, संपर्कातली माणसं डांबलेली. आपल्या आजी-पणजीच्या आठवणीत दोन्हीला "झोपड्या"च म्हणतात, पण एका ठिकाणी माणसं आपणहून गेलीत आणि दुसऱ्या ठिकाणी नेलीत, हा फरक कळल्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही.

गावांच्या नावांचं तर विचारूच नका. पुणे पूना म्हणून शोधावं लागतं हे सगळ्यांना माहितीय, पण खडकीला किर्की, ठाण्याला ठाना, सोलापूरला शोलापूर, आणि कऱ्हाड तर दोन-तीन स्पेलिंगांत. वर स्कॅनवरून मशीनने वाचलेलं टेक्स्ट असतं, त्यात छपाई पुसट असली की एखादं अक्षर बदललंच समजा. मी एक वही केलीय, एका बाजूला आपलं नाव आणि दुसऱ्या बाजूला सापडलेली सगळी स्पेलिंगं, ती वही माझं सगळ्यात उपयोगी साधन आहे.

म्हणून माझी पद्धत आता अशी की सर्च फक्त दार शोधायला वापरायचा, आत गेलं की फाइल किंवा रिपोर्ट पहिल्या पानापासून उलटायचा. अनुक्रमणिका, परिशिष्टं, तक्ते, नकाशे सगळं. होम डिपार्टमेंटच्या प्रोसीडिंग्जचे ए, बी आणि डिपॉझिट असे वर्ग असायचे, महत्त्वाचं समजलेलं ए मध्ये, आणि लोकांच्या लहानसहान अर्ज-तक्रारी बघायच्या तर बी आणि डिपॉझिटच्या याद्या सोडू नका. ऑफिस कसं चालायचं, पत्र कुठून निघून कुठे जायचं हे समजलं की कागद आपोआप सापडायला लागतात. हे कुठल्याही सर्च बॉक्सला सांगता येत नाही.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. पुण्यात मार्च १८९७ पासून रँड ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीने घरोघर झडत्या सुरू केल्या, त्यात डरहॅम लाइट इन्फंट्रीचे गोरे सोल्जर होते. सरकारी रिपोर्ट वाचला तर झडत्या किती व्यवस्थित झाल्या हेच कळतं. पण त्याच महिन्यांचे इतर कागद शेजारी लावा. पंडिता रमाबाईंनी मे मध्ये बॉम्बे गार्डियन ह्या पेपरला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांची काय स्थिती आहे ते मांडलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते, पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी सोल्जरांच्या वागण्याबद्दल तिथल्या पेपरात सांगितलं, मग लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न, मग मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारचा साफ इन्कार, आणि परत आल्यावर पुरावा देता येईना म्हणून गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. ह्याच्या मध्येच २२ जूनची रात्र येते, गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आयर्स्ट जागीच गेला आणि रँड ३ जुलैला. तुम्ही पार्लमेंटचं हॅन्सार्ड, म्हणजे तिथल्या चर्चांची छापील नोंद, उघडा, ते अख्खं फुकट आहे, १८९७ च्या उन्हाळ्यातली प्रश्नोत्तरं तारखेप्रमाणे वाचा आणि शेजारच्या टॅबमध्ये प्लेग कमिटीचा रिपोर्ट ठेवा. २२ जूनच्या आधी आणि नंतर उत्तरांचा सूर कसा फिरतो ते स्वतः बघा. पुरावा नव्हता म्हणजे घडलं नव्हतं असं नाही, घाबरलेल्या बायका साहेबापुढे येऊन जबानी देणार कशा, आणि ही गोष्ट एकट्या रिपोर्टात कधीच दिसत नाही. दोन खिडक्या शेजारी उघडून असं वाचता येणं ही डिजिटलची खरी ताकद आहे, रीडिंग रूममध्ये हे इतकं सहज होत नाही.

फोटोंबद्दल थोडं. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये १८९७ च्या आसपासचे मुंबईच्या प्लेगचे फोटो आहेत, कॅप्टन मॉस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढलेले बरेच. हे इतक्या मोठ्या साइझमध्ये आहेत की झूम करत बसावं. बंब लावून घरं धुतायत तो फोटो मी कितीतरी वेळा बघितलाय. मधोमध यंत्र आणि पाण्याचे पाइप, आणि झूम केलं की कडेला उभी असलेली माणसं, त्यांची पागोटी, उघडे पाय, एकेकाची नजर. खालच्या ओळीत यंत्राचा उल्लेख आहे, माणसांपैकी कुणाचंही नाव नाही. तशीच भिंतीवर काढलेली वर्तुळं, त्या घरात प्लेग झाल्याची खूण, आणि राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांवर यू. एच. एच. ही अक्षरं. रिपोर्टात ह्याचा एका वाक्यात उल्लेख येतो, फोटोत ते कुणाचं तरी दार असतं.

आकड्यांचं काम करणाऱ्यांना सेन्ससची जुनी पुस्तकं मिळतात. मुंबई शहराची लोकसंख्या १८९१ ला ८,२१,७६४ आणि १९०१ ला ७,७६,००६. वाढत्या शहरात दहा वर्षांनी माणसं कमी! मेलेले किती आणि पळून गेलेले किती हे ह्या एका आकड्यावरून काढता येत नाही, त्यासाठी दर आठवड्याचे मृत्यूचे तक्ते बघावे लागतात, ते बरेचसे रिपोर्टांच्या परिशिष्टांत मिळतात.

आता जे दुखतं ते. मराठी. इंग्रजी कागद घरबसल्या, आणि ज्यांच्यावर हे सगळं गुदरलं त्यांच्या भाषेतला कागद मात्र शोधून शोधून मिळत नाही. मराठी वर्तमानपत्रं, हस्तपत्रकं, पोथ्या, घरगुती पत्रं. जी मराठी पुस्तकं स्कॅन होऊन चढलीत त्यातली बरीच जुन्या स्कॅनिंगची, पानं तिरकी, मधली गायब, आणि नावं रोमन लिपीत अशी लिहिलेली की लेखकाला स्वतःला ओळखू येणार नाहीत. टेक्स्ट सर्च चालला तरी जुन्या छपाईत "नाहीं", "कांहीं", "मुंबईंत" असे अनुस्वार, आपण आजच्या पद्धतीने टाइप केलं की हाती शून्य. मोडीतलं असेल तर सर्च विसराच, मोडी शिकणं हाच उपाय, आणि मी शिकतोय.

ह्याला एक आडवाट आहे. सरकारचा ओरिएंटल ट्रान्स्लेटर देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला करून सरकारला द्यायचा, त्या रिपोर्टांचे काही खंड ऑनलाइन मिळतात. केसरी काय म्हणाला, ज्ञानप्रकाश काय म्हणाला ते त्यात दिसतं, खूप उपयोगी आहे. पण तो पाळत ठेवणाऱ्याने निवडलेला मजकूर आहे. राजद्रोह कशात दिसेल ह्या नजरेने वाचलेलं, तेवढंच उचललेलं. १८९७ मध्ये टिळकांवर खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा झाली, त्यातही केसरीतल्या मजकुराचं भाषांतर काय धरायचं ह्यावर वाद झालाच. तेव्हा गोषवारा वाचून "केसरीने असं लिहिलं" असं कृपया लिहू नका, मूळ अंक बघा, नाही मिळाला तर "सरकारी गोषवाऱ्यानुसार" असं स्पष्ट लिहा.

सावित्रीबाई फुल्यांचं उदाहरण मला सारखं आठवतं. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या, म्हणजे झडत्या सुरू व्हायच्या बेतात होत्या तेव्हा. मी वाचलेल्या इंग्रजी रिपोर्टांत त्यांचं नाव कुठे दिसलं नाही. नुसत्या ऑनलाइन कागदांवर पुण्याच्या प्लेगचा इतिहास लिहिला तर त्यात रँड भरपूर येईल आणि सावित्रीबाई येणार नाहीत, इतकं हे गंभीर आहे.

पैशाचं थोडक्यात. वर सांगितलेलं बहुतेक फुकट आहे. जुन्या वर्तमानपत्रांच्या पेड साइट्स आहेत, पुष्कळदा युनिव्हर्सिटीमार्फतच मिळतात, बाहेरच्या माणसाला महाग पडतात. मी एका ठिकाणी महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, सर्च चांगला होता पण रद्द करायला फार हेलपाटे घालायला लावले. घ्यायचंच असेल तर आधी सगळी यादी तयार ठेवा आणि एका महिन्यात उरका.

आणि एक सवय आजच लावून घ्या. पान डाउनलोड केलं की तिथल्या तिथे विभाग, वर्ष, फाइल नंबर, पान नंबर लिहून ठेवायचं. लिंका बदलतात, साइट नव्याने बनते आणि जुना पत्ता उघडत नाही, पण फाइल नंबर तोच राहतो. मी झोटेरोमध्ये पुस्तकं-रिपोर्ट आणि ट्रॉपीमध्ये पानांचे फोटो ठेवतो, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट.

स्टार द्यायचे तर इंग्रजी सरकारी कागदांसाठी पाचपैकी साडेचार, फोटोंसाठी पूर्ण पाच, मराठीसाठी दोन. सातारा जिल्ह्याच्या माझ्या यादीतले जे नंबर ऑनलाइन नाहीत ते घेऊन आता काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्राच्या पुराभिलेखात जाणार आहे. ही यादीसुद्धा ऑनलाइन वाचूनच तयार झाली, तिथे जाऊन काय मागायचं हे आता मला माहितीय. कुणाकडे कऱ्हाड, वाई, साताऱ्याकडची त्या वर्षांतली घरगुती पत्रं किंवा जमाखर्चाच्या वह्या असतील तर टाकून देऊ नका, मोबाइलने नीट उजेडात पानन् पान फोटो काढा, वहीच्या कव्हरसकट.