दापोलीत समुद्र नसतो

आधी हेच सांगतो, कारण आमचे चार हजार नऊशे रुपये यातच गेले. दापोली डोंगरावर आहे. समुद्र खाली, मुरूड, कर्दे, हर्णै, लाडघर या गावांना. मध्ये दहा-बारा किलोमीटर वळणावळणाचा रस्ता. ‘समुद्र काय, पाच मिनिटांवर’ असं फोनवर कोणी सांगितलं तर एकच विचारा, पाच मिनिटं कशानं?

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचे पाच जण. माझं कृषी केंद्र, बाकी एक डॉक्टर, एक एलआयसीवाला, माझा मेव्हणा आणि गाडीवाला मित्र. २६ जानेवारी सोमवारी आली होती, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद करून निघालो. आमचे झेडपीचे मास्तर राहिले मागे, झेंडावंदन चुकवायची सोय नाही. धुळे, नाशिक, पनवेल, माणगाव, मंडणगड करत शनिवारी सकाळी नऊला दापोलीत. साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर आणि माणगावपर्यंत इतके वळसे की चहा पिऊनच पोट भरलं.

पहिल्या रात्रीचं हॉटेल गावातच. नाव लिहीत नाही. दोन खोल्या, दोन हजार दोनशेची एक, वर पाचव्या माणसाच्या गादीचे पाचशे वेगळे, आणि ते पैसे देताना कळले. एसीचे पैसे लावले होते, जानेवारीत! खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. मेव्हणा बराच वेळ खिडकीत उभा राहून म्हणाला, “समुद्र कथा शे भो?” (कुठे आहे भाऊ?) जोडून सुट्टी असल्यानं आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार नाहीत, असं मॅनेजर हसत हसत म्हणाला. झोपून घेतलं आणि रविवारी सकाळी मुरूडला उतरलो.

(नकाशात नुसतं मुरूड टाकू नका. जंजिऱ्याजवळचं मुरूड रायगड जिल्ह्यात आहे. हे दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं गाव.)

आता ज्या घरासाठी हे लिहायला बसलो ते. नारळ-सुपारीच्या वाडीत काका-काकूंचं घर, मागे चार खोल्या, वाडीतून पायवाटेनं चाललं की थेट वाळू. खोली सोळाशेची, गादी फुकट. शाकाहारी ताट १८०, सुरमईचं ४००, उकडीचे मोदक तीस रुपयांना एक आणि आदल्या दिवशी सांगावे लागतात. आम्ही सांगितले नव्हते, मिळाले नाहीत. गरम पाणी सौरऊर्जेवर, आठनंतर उठलात तर गारच. प्लगचा पॉइंट खोलीत एकच, त्यावरून पाच मोबाइलांची भांडणं. नेटवर्क इतकं कमी की पैसे ऑनलाइन जाईनात, डॉक्टरला एटीएमसाठी परत दापोली चढावी लागली. रोख घेऊन जा.

पण जेवण! दडपे पोहे, तांदळाची भाकरी, सोलकढी. सगळं चांगलं, फक्त तिखट नाही. सुरमईच्या कालवणाचा घास घेऊन एलआयसीवाला काकूंना अदबीनं म्हणाला, “काकू, मिरची विसरल्या का?” काकूंनी सांडग्या मिरच्या तळून आणल्या, त्यानं सहा खाल्ल्या.

आम्ही घरून तीन किलो भरताची वांगी नेली होती. आपली ती मोठी, हिरवी, पांढऱ्या रेघांची. काकू एक हातात घेऊन म्हणाल्या, “अहो, ही पिकली नाहीत अजून.” आमच्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळक्या काड्यांवर भाजतात, मुरूडला पऱ्हाटी कुठून आणणार? काकांनी वाळक्या झावळ्या दिल्या. त्या भसकन पेटल्या, साल काळी कुळकुळीत, आत वांगं कच्चं. मग काका स्वतःच सोडणं (नारळाची वरची सालं) आणि करवंट्या घेऊन आले, निखारा पाडला आणि वर वांगी मांडून दिली. करवंटीचा निखारा संथ आणि जिद्दी, अर्ध्या तासात देठापर्यंत मऊ. मिरच्या, लसूण पाट्यावर ठेचल्या, पात, शेंगदाणे, वरून फोडणी. काकूंना त्यात ओलं खोबरं घालायचंच होतं. डॉक्टर आडवा पडायचा बाकी होता. शेवटी एक वाटी वेगळी काढून तिच्यात घालू दिलं. खोटं कशाला बोलू, वाईट लागलं नाही.

संध्याकाळी वाळूवर गेलो. मेव्हण्यानं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. “हाऊ तं तापीना बाप शे!” (हा तर तापीचा बाप आहे!) म्हणाला आणि पँट न दुमडता आत शिरला. गाडीवाल्याला गाडी वाळूवर घालायची होती. काकांनी अडवलं: भरती आली की चाकं रुततात, मग ओढून काढायला पैसे मोजावे लागतात. आमच्यासमोरच एक पांढरी गाडी दोरीनं ओढत होते.

हर्णैचा लिलाव चुकवू नका, मासे खात नसलात तरी. होड्यांतून माल बैलगाड्यांनी किनाऱ्यावर येतो, बैल पोटापर्यंत पाण्यात. अमळनेरच्या बाजार समितीत मी आयुष्य काढलं, पण इथली बोली मला एक अक्षर कळली नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.

आसूदचं केशवराज मंदिर पोटात जेवण असताना करू नका. सुपारीच्या बागांतून उतरायचं, पूल ओलांडायचा, मग पायऱ्याच पायऱ्या. वर गोमुखातून येणारं पाणी मात्र गार आणि गोड.

येताना वाकडी वाट करून पालगडला थांबलो, साने गुरुजींचं गाव. ते १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिकवायला होते, एवढं आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतं. कोकणातून खानदेशात येऊन ते आमचं ऊन आणि तिखट कसं सोसत असतील, हे मला त्यांच्या गावी गेल्यावर पहिल्यांदा सुचलं. सुरमईच्या ताटाची आठवण ताजी होती म्हणून असेल.

परत जाणार. मास्तरला घेऊन, तीन रात्री, सगळ्या खालीच. मोदक फोनवरच सांगून ठेवीन आणि वांगी पाच किलो नेईन. काकूंनी एक किलो बाजूला ठेवायला सांगितलंय.