टेनिस एल्बो: इंजेक्शन घ्यायचं की व्यायामाला लागायचं?

कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या टोकावर बोट दाबलं की कळ येते. बॅकहँड मारताना रॅकेट हातातून सुटेल असं वाटतं, आणि घरी चहाचं पातेलं उचलणंही जड जातं. मुंबईत क्लबस्तरावर बॅडमिंटन, टेनिस खेळणाऱ्यांच्या हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. त्यात आंतरक्लब स्पर्धा तोंडावर आली, की इंजेक्शन घेऊन मोकळं व्हावं असा मोह होतो. माझं मत सुरुवातीलाच सांगते: दोन आठवड्यांवरची स्पर्धा सोडावी लागली तरी चालेल, व्यायामाची वाट धरा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने लवकर आराम पडतो, हे खरंच आहे. पहिले सहा आठवडे दुसऱ्या कुठल्याही उपायापेक्षा बरं वाटतं. अडचण पुढे येते. २०१३ साली ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं वर्षभरात उलटलं. औषध नसलेलं, खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत हेच प्रमाण १२ टक्के होतं. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा, जिथे हाडाला चिकटतो, तिथे जुन्या दुखण्यात सूज फारशी नसतेच. तंतू झिजून विस्कटलेले असतात. स्टेरॉइडने कळ दबते, पण टेंडनला बळ येत नाही. आणि दुखत नाही म्हणून खेळाडू पूर्ण जोर लावतो.

व्यायामाला वेळ लागतो. हात टेबलावर टेकवा, मनगट कडेबाहेर, तळवा खाली. मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्या आणि मग दुखऱ्या हाताने, चार आकडे मोजत, सावकाश खाली सोडा. पंधरा वेळा, असे तीन फेरे. थोडं दुखलं तर चालतं. असह्य दुखण्याला दहा गुण धरले, तर तीन-चारपर्यंत ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका वाढलेला असेल तर वजन कमी करा. फरक दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे जातात आणि बहुतेक जण चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. तिथेच टिकायचं असतं.

निव्वळ आराम केला तर? वर्षअखेरीस बहुतेकांचं दुखणं तसंही बरं होतं, व्यायाम करणाऱ्यांइतकंच. पण खेळाडूला वर्षभर हात बांधून बसणं परवडत नाही, आणि पूर्ण विश्रांतीत पकड ढिली पडते ती वेगळीच. म्हणून खेळ बंद न करता कमी करा: स्मॅश आणि बॅकहँड काही दिवस बाजूला, पायांचा सराव चालू. रॅकेटच्या तारांचा ताण एक-दोन पौंडांनी उतरवा, ग्रिप हाताच्या मापाची आहे का तेही बघा. लोकलमध्ये कडी धरायला दुसरा हात वापरा. पिशवी उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवला की कोपरावरचा ताण बराच कमी होतो. कोपराखाली दोन बोटांचं अंतर सोडून बांधायच्या पट्ट्याने खेळताना आराम पडतो, पण तो औषध नव्हे.

पीआरपीचा, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा काढून दिलेल्या इंजेक्शनाचा, सध्या बराच बोलबाला आहे. खर्च हजारांत जातो आणि अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१च्या आढाव्यानुसार त्याचा फायदा होण्याची शक्यता कमीच. मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही.

शस्त्रक्रिया अगदी शेवटी, सहा महिने ते वर्षभर नेटाने व्यायाम करूनही गुण आला नाही तर. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये डाव्या कोपराचं हेच दुखणं झालं. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या सामन्यात ९३ धावा करून तो परतला. दिमतीला उत्तम फिजिओ असतानाही मधे पाच महिने गेले, हे लक्षात घ्या.

हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल, तर हे टेनिस एल्बो नसूही शकतं. आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. खासगी फिजिओ परवडत नसेल तर केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जा. रांग असते, सकाळ मोडते, पण व्यायाम समोर करून घेतात आणि चुकलेलं मनगट तिथल्या तिथे सरळ करून देतात.